चुकीच्या गाईतला चुंबक

मी चुंबक बोलतोय. गाईच्या पोटातून बोलतोय, म्हणून आवाज जरा घुमेल. मध्येच ढेकर ऐकू आली तर ती माझी नाही, ओल्गाची.

फ्रिजच्या दारावर फुलपाखरू होऊन बसतात ना, ते चुंबक वेगळे. ते शोभेचे. मी कामाचा. गाईला गिळायला देतात तो मी. बोटाएवढा लांब, बोटाएवढाच जाड, दोन्ही टोकं गोल, अंग एकदम गुळगुळीत. हसू नका. आमच्या विस्कॉन्सिनात दूधवाला शेतकरी बायकोचा वाढदिवस विसरेल, पण कालवड मोठी झाली की तिच्या घशात एक चुंबक सारायला विसरत नाही. म्हणजे सहसा विसरत नाही. माझं आयुष्य त्या 'सहसा'पायीच वाया गेलंय.

गाय खाताना बघत नाही, हा सगळा घोळ. वरच्या जबड्यात तिला पुढचे दातच नाहीत. ती लांब जीभ फिरवते, झुबका ओढते, दोन-चारदा चावल्यासारखं करते आणि गट्टम. नीट चावायचं नंतर, निवांत बसून. त्या झुबक्यात खिळा आहे, तार आहे, बघतंय कोण? मग पोटात तो खिळा टोचू नये म्हणून आधीच आत एक पहारेकरी बसवून ठेवायचा. तो पहारेकरी मी.

जन्म कारखान्यातला. आधी नुसताच धातूचा ठोकळा होतो, ना कशाची आवड ना कशाची ओढ. मग एका यंत्रात ठेवलं, सण्णकन वीज फिरवली, आणि अंगात एकदम काहीतरी शिरलं. समोरून खिळा गेला तरी जीव कासावीस! तुमच्याकडच्या पोरांना सोळाव्या वर्षी होतं तसंच, फक्त मला खिळे आवडायला लागले.

आम्ही बारा भाऊ एका खोक्यात भरून ब्रेक्के बंधूंच्या गोठ्यावर आलो.

ब्रेक्के बंधू दोघं. थोरला हॅल्वर, धाकटा सिव्हर्ट. दोघंही साठीच्या पुढचे, दोघंही बिनलग्नाचे. एकाच घरात राहणार, एकाच टेबलावर जेवणार, आणि दिवसभरात बोलणार तेरा शब्द. त्यातले सहा 'हं'. हॅल्वरचं सगळं काम तक्त्यावर. कुठली गाय कधी व्यायली, कुणाला कुठली लस दिली, सगळ्यापुढे बरोबरची खूण. सिव्हर्टचं सगळं काम रेडिओवर. गोठ्यात बेसबॉलचा सामना लागल्याशिवाय त्याच्या हातून धार निघत नाही.

चुंबक द्यायचं काम सिव्हर्टकडे होतं. गाईचं तोंड उघडायचं, लांब नळीतून चुंबक जिभेच्या मुळाशी सोडायचा, हनुवटी वर धरायची. गुटुक. पुढची गाय. बारा कालवडी, बारा चुंबक. पोराटोरांनाही जमेल असं गणित.

नवव्या नंबरला माझी पाळी आली. रेडिओवर माणूस बोंबलत होता, शेवटचा डाव, काय होतंय काय होतंय. सिव्हर्टचा सगळा जीव रेडिओत होता. मी सुळकन आत गेलो.

घशात दोन वाटा असतात, एक हवेची आणि एक चाऱ्याची. हवेच्या वाटेवर एक झाकण आहे, गिळताना ते टपकन मिटतं. नशीब माझं, मिटलं. चाऱ्याच्या नळीचं मात्र भारी काम आहे. तुमची नळी फक्त खाली ढकलते, गाईची खालीही ढकलते आणि वरही आणते. दुतर्फा रस्ताच म्हणा ना! मी खाली चाललोय आणि समोरून अर्धवट चावलेल्या गवताचा गोळा वर चाललाय. "बाजूला हो!" "तू हो!" असं करत आदळलो.

आदळलो तो पहिल्या पोटात. पोट कसलं, विहीरच ती. दीडशे लिटरची विहीर, काठोकाठ भरलेली, कोमट, आणि वास... जाऊ द्या, तुमचं जेवण व्हायचं असेल. त्यात कोट्यवधी बारीक जीव राहतात. गवत गाईला पचत नाही, हे कुणी सांगत नाही तुम्हाला. ते पचवतात हे भाडेकरू. गाय त्यांना गवत आणि ऊब देते, ते गवत कुजवून तिला खाणं करून देतात, आणि उरतो तो गॅस. म्हणून ती दिवसभर ढेकरा देते. बाहेरचे लोक म्हणतात, वा, किती शांत जनावर. आत या म्हणावं एकदा.

मग पोट आवळलं गेलं, एक लाट आली आणि मी घरंगळत पुढच्या खोलीत. ही माझी खोली. भिंतीला मधाच्या पोळ्यासारखे खण आहेत म्हणून हिला जाळीपोट म्हणतात. जड वस्तू सगळ्या इथेच येऊन पडतात. समोर एक पातळ पडदा, शाळेत त्याला श्वासपटल म्हणतात, आणि पडद्यापलीकडे चार बोटांवर हृदय. धडाम, धडाम, धडाम. म्हणूनच पहारा इथे. मिनिटाला एकदा ही खोली मुठीसारखी आवळते. त्या वेळी आत टोकदार तार असली तर सरळ पुढे घुसते. पडद्यातून. हृदयात.

मी जागा बघून आडवा झालो. म्हटलं, आता आयुष्यभर हीच नोकरी. तेवढ्यात बाहेर एकदम ओरडा. सिव्हर्टची उडी. मग लाकडावर टाळकं आपटल्याचा आवाज. मग एक शिवी. मग पुन्हा तोंड उघडलं, गुटुक, आणि दोन मिनिटांत माझ्या डोक्यावर दुसरा चुंबक.

"तू इथे काय करतोयस?" मी म्हटलं.

"मी? तू काय करतोयस? ही गुड्रून ना?"

"ही ओल्गा! गुड्रून शेजारची!"

"अरे देवा. वर जाऊ का परत?"

"जाऊन दाखव."

काय जाणार, डोंबल! चुंबकाचं वजनच असं की तो एकदा या खोलीत बसला की बसला. त्यात त्याचं एक टोक माझ्या एका टोकाला खटकन चिकटलं. झालो एक लांब काठी. बाहेर हॅल्वरने रिकामं खोकं बघितलं, बारा गेले म्हटल्यावर तक्त्यावर बारा खुणा केल्या. गुड्रूनच्या नावापुढेही. कायमच्या शाईने.

त्यानंतरची चार वर्षं सुखाची. आम्ही दोघांनी मिळून सात खिळे, तारेचे तीन तुकडे आणि एक स्क्रू पकडला. एकदा बिअरच्या डब्याचा पत्रा आला होता. मी हाक मारली, भावाने हाक मारली, पत्र्याने ढुंकूनही बघितलं नाही. अॅल्युमिनियम. असतात काही लोक.

शेजारच्या खोल्यांची पण ओळख झाली. तिसरं पोट पानापानांचं, वहीसारखं, ते चाऱ्यातलं पाणी पिळून काढतं. चौथं खरं पोट, तुमच्यासारखं, आम्लवालं. तिथे गेलेले आपले भाडेकरूसुद्धा पचतात. म्हणजे गाय आधी त्यांना पोसते, मग त्यांनाच खाते. पुढे चाळीस-एक मीटर आतडं. मी तिकडे कधी गेलो नाही. जे जातात ते परत येऊन सांगत नाहीत.

पण ऐकायला सगळं येतं. बरगड्या म्हणजे पातळ भिंत हो. त्यामुळे शेजारची गुड्रून आजारी पडली ते गोठ्यात सगळ्यात आधी मला कळलं. तिचं रवंथ थांबलं. रवंथाचा कसा एक ताल असतो, कचर कचर कचर, मग गिळणं, मग नवा गोळा. दिवसातले सात-आठ तास चालणारी ती चक्की बंद पडली आणि शेजारी शुकशुकाट. फक्त कण्हणं.

"तार आहे," भाऊ म्हणाला.

"माहितीये."

"ती माझी गाय होती."

  मी असतो तिच्यात, नाहीतर तो असता, तर ही वेळ आली नसती. एका गाईत दोघं बसून होतो, जागा अडवून.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुरांची डॉक्टर कोस आली. ही ठेंगणी, दणकट बाई, खांद्यापर्यंत हात गाईत घालते आणि त्याच हाताने नंतर बिस्किट खाते. धुऊन खाते म्हणे.

"पाठीची कमान केलीये," ती म्हणाली. "कोपरं बाहेर काढून उभी आहे. दूध?"

"अर्ध्यावर," सिव्हर्ट म्हणाला. गुड्रून त्याची लाडकी. तेरा शब्दांतले दोन तो तिच्यावर खर्च करायचा.

"अकरा वाजता बाजाराची गाडी येतेय," हॅल्वर म्हणाला. "तिच्यात जाईल."

"थांबा की जरा. तो दांडा आणा इकडे. छातीखालून घाला. एक टोक तुम्ही धरा, एक तुम्ही. मी म्हटलं की दोघांनी एकदम उचला, आणि एकदम सोडा. आत तार असेल तर दुखेल तिला."

आता झाली पंचाईत! ब्रेक्के बंधूंनी चाळीस वर्षांत एकदम असं काहीच केलं नव्हतं.

"तू आधी उचललंस."

"तू उशिरा उचललंस."

"गाईकडे बघा, एकमेकांकडे नको!" डॉक्टर ओरडली. तिसऱ्या खेपेला जमलं. दांडा खाली आला तशी गुड्रून हुंकारली. असा हुंकार की माझ्या अंगावरचे सातही खिळे शहारले.

"तार," डॉक्टर म्हणाली. "हिच्यात चुंबक आहे?"

"आहे," हॅल्वर म्हणाला. "तक्ता बघा."

"मग अवघड आहे. चुंबक असूनही टोचतेय म्हणजे तार त्याच्या हाताबाहेर गेली, पार पडद्यापलीकडे. मग पाठवाच तिला. पण चुंबक नसेल, तर तार अजून मध्येच असेल. आत्ता चुंबक दिला तर मागे ओढली जाईल कदाचित. कदाचित हं. आणि औषधाची सुई द्यावी लागेल. सुई दिली की औषध मांसात उतरतं, मग बरेच दिवस तिला कसायाकडे पाठवता येणार नाही. म्हणजे ठरवायचं ते आत्ताच, गाडीच्या आधी."

"ठरलंय," हॅल्वर म्हणाला. "चुंबक आहे."

 मला सिव्हर्टच्या बुटांचा आवाज येत होता, डावा, उजवा, डावा, उजवा, जागच्या जागी. अरे बोल की माणसा! तोंड तुला दिलंय, मला नाही!

 तो घरात गेला आणि शिकारीच्या कोटातलं होकायंत्र घेऊन आला.

"हे लावून बघा," एवढंच म्हणाला. थोरल्या भावापुढे चूक कबूल करायची म्हणजे ब्रेक्केच्या जिवावर येतं. आत चुंबक नाही हे सुईने सांगितलं तर बरं, असा त्याचा हिशेब.

"गोठा सगळा लोखंडाचा आहे," हॅल्वर म्हणाला. "सुई नाचणारच."

"मग बाहेर घ्या," डॉक्टर म्हणाली.

गुड्रूनला बाहेर गवतावर नेलं. डाव्या कोपरामागे होकायंत्र धरलं. 

"सुई हलत नाही," डॉक्टर म्हणाली.

"होकायंत्र मेलंय," हॅल्वर म्हणाला. "हा याच्यावरच जंगलात दोनदा हरवलाय."

"दुसरी गाय आणा. शेजारची आणा."

शेजारची म्हणजे आम्ही! ओल्गाला बाहेर काढलं. गाय चालायला लागली की आत काय होतं विचारू नका. विहीर डुचमळते, वारा सुटतो, भाडेकरू बोंबलतात. ओल्गा थांबली आणि मला जाणवलं. बाहेर एक बारीकशी सुई. एवढीशी, पण आमच्यातलीच. चार वर्षांत पहिल्यांदा बाहेरचं कुणीतरी माझं ऐकत होतं.

"ओढ!" मी भावाला म्हटलं.

"ओढतोय की! तू ओढ!"

तशी आम्हाला मुद्दाम ओढता येत नाही, ओढ असते तेवढी असते. पण त्या दिवशी आम्ही दात खाऊन पडून होतो.

"अगं बाई," डॉक्टर म्हणाली. "मी अजून हातभर लांब आहे, आणि सुई गर्रकन फिरली. एका चुंबकाने एवढ्या लांबून कधी फिरत नाही."

"ओल्गाचा चांगला निघाला," हॅल्वर म्हणाला. "गुड्रूनचा म्हातारा झाला असेल."

"एकाच खोक्यातले ना?"

"मग तिने शेणातून टाकला असेल."

"एवढा जड चुंबक जाळीपोटातून हलत नाही हो, हॅल्वर."

"तक्त्यावर खूण आहे," हॅल्वर म्हणाला. त्याच्यापुढे सुई काय आणि डॉक्टर काय! आम्ही जीव तोडून जे सांगायचं ते सांगितलं होतं, आणि ते एका शाईच्या खुणेपुढे कमी पडत होतं.

वळणावर गाडीचा आवाज आला. खडी करकरली, ब्रेक लागले, दार उघडलं. "कुठली न्यायची?" कुणीतरी विचारलं.

"मी तिला दिलाच नाही," सिव्हर्ट म्हणाला.

 ओल्गाने ढेकर अर्ध्यात गिळली.

"काय?" हॅल्वर.

"चुंबक. गुड्रूनला दिला नाही. सामना चालला होता. शेवटचा डाव. चेंडू मैदानाबाहेर गेला, मी उडी मारली, टाळकं तुळईला आपटलं. डोळ्यांपुढे काजवे. समोर एक गाय दिसली, तिला दिला. ती ओल्गाच होती. जेवायला बसलो तेव्हा लक्षात आलं."

"चार वर्षांपूर्वी?"

"हो."

"आणि चार वर्षं बोलला नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

सिव्हर्टचं चार वर्षांचं बोलणं एका दमात संपलं होतं. तो धापा टाकत होता. मला वाटलं, आता हॅल्वर काय करतोय!  तो म्हणाला,

"जिंकलो होतो का आपण?"

"एका धावेने."

"हं."

ब्रेक्केंच्या घराण्यात एवढं 'हं' म्हणजे गळ्यात पडून रडल्यासारखं आहे. हॅल्वर गाडीवाल्याकडे वळला. "आज काही नाही. जा."

"मी तीस मैल आलोय!"

"कॉफी पी आणि जा."

मग डॉक्टरने नळी घेतली आणि गुड्रूनच्या घशात नवा चुंबक सोडला. गुटुक. सुई टोचली. पुढच्या पायांखाली जाड फळ्या घातल्या, पुढून अंग उंच राहिलं की पोट मागे येतं आणि तार पण मागे सरकते म्हणे. जाताना तिने गव्हाणीत हात घातला आणि काहीतरी उचललं.

"ही कसली तार, माहितीये? टायरमधली. मुरघासाच्या चाऱ्यावरच्या प्लास्टिकवर वजन म्हणून कुजके टायर कुणी ठेवलेत?"

 टायर फुकटात मिळाले म्हणून हॅल्वरने आणले होते, हे सगळ्या गोठ्याला माहीत होतं. आम्ही दोघं त्यांतलेच दोन तुकडे अंगावर घेऊन बसलो होतो.

"मी काही म्हणालो का?" सिव्हर्ट म्हणाला.

"हं," हॅल्वर म्हणाला.

पहिला दिवस, शेजारी काही नाही. दुसरा दिवस, एक ढेकर. बारीकशी, पण ढेकर म्हणजे भाडेकरू जिवंत आहेत, विहीर सुरू आहे. भाऊ आणि मी मिनिटं मोजत होतो. मिनिटाला एकदा खोली आवळणार, आणि दर वेळी तार एक तर पुढे जाणार, नाहीतर त्या नव्या पोराच्या हाताला लागणार. अनोळखी पोरगा, पहिलीच नोकरी, आणि पहिल्याच दिवशी हे. आम्ही इकडून ओरडत होतो, "मागे ओढ! सरळ ओढ, वाकडी नको!" त्याला ऐकू जात होतं की नाही, काय माहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारून आवाज आला. घशातून काहीतरी वर चढल्याचा. मग थांबला. मग...

कचर.

मग पुन्हा, कचर. कचर. कचर.

गोठ्यात दोन बादल्या पालथ्या पडल्याचा आवाज झाला. दोन म्हातारे त्यांच्यावर बसले, गुड्रूनसमोर, शेजारी शेजारी. रेडिओ बंद केला.  मग गुड्रूनने गिळलं.

"बावन्नदा चावलं," हॅल्वर म्हणाला.

"एक्कावन्न. एकदा तिने नुसती जीभ फिरवली."

"तक्त्यावर बावन्न लिहिणार मी."

"लिही. तुझ्या तक्त्याला काय, काहीही चालतं."

आणि सिव्हर्ट हसला. हॅल्वरपण हसला बहुतेक. खोकल्यासारखा काहीतरी आवाज होता, हृदयाच्या धडामधडाममध्ये नीट कळलं नाही.

तर आमचं हे असं आहे. ओल्गात आम्ही अजून दोघंच, बाहेर काढायचा काही रस्ता नाही, काढावं असं कुणाच्या मनातही नाही. शेजारचा नवा पोरगा तार घट्ट धरून बसलाय. दोन्ही गाई कुशीला कुस लावून बसल्या की त्याची हलकीशी ओढ जाणवते. भाऊ म्हणतो, नोकरी माझी होती. मी म्हणतो, करतोय ना कुणीतरी, झोप.

तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. तुमच्याकडेही गाई आहेत, आणि त्याही खाताना बघत नाहीत. तार दिसली, खिळा दिसला, तर वाकून उचला. कंबर दुखते माहितीये. तरी उचला. आणि कुणाच्या घशात एखादी गोष्ट सोडायची असेल, तर आधी बघून घ्या तो घसा कुणाचा आहे.

येतो. म्हणजे जात कुठेच नाही, पण ओल्गाची गव्हाण भरलीये आणि आता वरून वीस किलो गवत पडणार आहे.